एक्स-रेचे पंख

कावळे आले होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पेरलवाडीत अजूनही लोक म्हणतात की दत्ताजी सपकाळाच्या दहाव्याला एक कावळा फिरकला नाही. फिरकले होते, चांगला थवा होता. घाटावर झुकलेल्या करंजाच्या झाडावर बसून ते आमच्याकडं बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडं. पिंड मांडून झाले होते. भटजींनी सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. मी नुकतंच डोकं भादरलेला, ओल्या धोतरात हात जोडून उभा होतो. एक धीट कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून पिंडाच्या अलीकडं थांबला आणि मान वाकडी करून भाताकडं बघू लागला. तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, धाकटे भाऊ, माझ्या कानाशी पुटपुटले, "आला बघ. काय राह्यलं न्हाय दादाचं."

तेवढ्यात नदीपलीकडून सुर्रर्र असा आवाज आला.

तो आवाज घाटावर माझ्याइतका कुणाच्याच ओळखीचा नव्हता. मला वर बघायचीही गरज नव्हती, तरी बघितलं. पलीकडच्या गायरानातून एक रॉकेट निघालं होतं, पांढरं, काळ्या चौकड्यांचं, लाल नाकाचं. ते सरळ आभाळात जायला हवं होतं. थोडं वर गेलं, डुललं, मग त्यानं मान टाकली आणि आडवं होऊन नदीवरून थेट आमच्याच रोखानं आलं. माणसं मटकन खाली बसली. रॉकेट करंजाच्या फांद्यांत घुसलं, पानं झडली आणि झाडावरचे सगळे कावळे एकदम ओरडत उठले. खालचा धीटही त्यांच्यात सामील झाला. रॉकेट फांद्यांतून खडखडत पायऱ्यांवर पडलं, आणि सगळं संपलं असं वाटत असताना त्याच्या पोटात फट् असा आवाज होऊन केशरी छत्री बाहेर पडली. जिनं आभाळात उघडायचं, ती बिचारी पायरीवर पसरली.

"ह्ये इंदीचंच काम हाय," तात्या म्हणाले.

मी मान खाली घातली.

इंदूताई माझी मोठी बहीण. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण रॉकेटाचं खूळ आमच्या घरात त्यांनी आणलं. तरुणपणी ते केरळात, समुद्रकाठच्या रॉकेट तळावर फिटर होते. वरच्या हवेचं मोजमाप घ्यायला तिथून छोटी रॉकेटं सोडतात, त्यांची जोडणी आप्पा करायचे. आजोबा वारले तेव्हा शेत बघायला म्हणून नोकरी सोडून परत आले, ते एक लोखंडी पेटी, जुन्या बाजारातली दुर्बीण आणि मापाचं वेड घेऊन. गावातली बाकीची माणसं शेतातून आली की पारावर पत्ते कुटत. आमचे आप्पा पडवीत बसून रॉकेट करत. लोक हसायचे. आप्पांना लोक हसतात हेच बरेच दिवस ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावरही त्यांनी मनावर घेतलं नाही.

पाइपावर कागद गुंडाळायचा, खळीचा हात फिरवायचा, वाळवायचं, पुन्हा गुंडाळायचा. पाइप काढून घेतला की नळकांडं तयार. नाक पांगाऱ्याच्या लाकडाचं, कारण पांगारा हलका. छत्री आईच्या फाटक्या नायलॉनच्या केशरी साडीची. दारूची नळी, जिला आप्पा मोटार म्हणत, ती कऱ्हाडच्या एका शोभेच्या दारूवाल्याकडून करून यायची आणि तिला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. मी कागद गुंडाळायचो आणि चौकडी रंगवायचो. डोक्याचं काम ताईचं. रॉकेट कुठं पडतं ते दुर्बिणीतून बघायचं कामही तिचंच, कारण मला एकदा उडालेलं रॉकेट पुन्हा कधी सापडायचं नाही आणि तिची नजर घारीची.

आप्पांचा हट्ट एकच होता. आपलं रॉकेट खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याचं, म्हणजे प्रत्येक गोष्ट चौथ्या हिश्श्याची. लांबी तेवढीच, जाडी तेवढीच, खालचे पंखही तेवढेच. ढोबळ काम त्यांना खपायचं नाही. पण अडचण अशी की मापाबरहुकूम केलेलं रॉकेट सरळ उडेलच असं नाही. ते उडायचं आणि भेलकांडत शेजारच्या उसात जायचं. आप्पा म्हणायचे, जोडणीत चूक असेल. पुन्हा जोडायचे. पुन्हा उसात.

ताईनं एके दिवशी रॉकेटाच्या कमरेला दोरी बांधली आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढं राहिना, रॉकेट आडवं-तिडवं फिरत राहिलं. "शेपूट हलकं धरतंय," ती म्हणाली. "पंख मोठे पाहिजेत." आप्पांपुढं हे बोलायची सोय नव्हती. मग तिनं आईचा हात मोडला होता तेव्हाचा एक्स-रे शोधून काढला. सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून, घासून घासून त्याच्यावरचं काळं सगळं काढलं. राहिली ती काचेसारखी आरपार फिल्म, किंचित निळसर. तिचे दोन थर चिकटवून तिनं मोठे पंख कापले आणि खऱ्या पंखांच्या मधल्या जागेत डकवले. हातभर लांबून ते दिसतसुद्धा नव्हते. रॉकेट आपलं मापातलंच दिसायचं.

आप्पांनी ते बघितलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी शेपटावरनं अंगठा फिरवला.

"ह्ये काय हाय?"

"पंख. लांबनं दिसत नाहीत."

"दिसत न्हाईत. पण हायत न्हवं? खऱ्या रॉकेटाला हायत का असले?"

"नाहीत. पण त्यांच्यावाचून हे सरळ जात नाही, आप्पा."

"मग वाकडं जाऊ दे," आप्पा म्हणाले. "खोटा टेकू नगं."

तरी त्या दिवशी त्यांनी ते तसंच उडवू दिलं, आणि रॉकेट असं सरळ गेलं की आमची तोंडं उघडीच राहिली. आप्पांनी ताईच्या हातातली दुर्बीण ओढून घेतली आणि छत्री उघडून खाली येईपर्यंत डोळ्यांवरची हलवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून त्यांनी ब्लेडनं ते पंख खरवडून काढले. पुढं हे नेहमीचंच झालं. पोरगी चिकटवायची आणि बाप खरवडायचा. आई म्हणायची, या दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकमेकांबरोबर जमत नाही.

मग ताईनं लग्न केलं, दिवटे मास्तरांशी. मास्तर तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, माणूस लाखात एक, पण कोष्ट्यांचे, आणि आम्ही सपकाळ. भावकीत गहजब झाला. तात्या तर काठी घेऊन निघाले होते. आप्पांनी ताईला पडवीत बोलावून एवढंच म्हटलं, की जातीस तर जा, आता परत येऊ नकोस. ती गेली. जाताना शेवटचं रॉकेट घेऊन गेली, कारण ते तिनं केलेलं होतं. दुर्बीणही तिच्यासंगती गेली. ती आईनं पिशवीत घातली असणार. आप्पांनी पेटीला कुलूप लावलं आणि पुन्हा रॉकेट केलं नाही. दुर्बीण कुठं गेली असं एकदाही विचारलं नाही, आणि ताईचं नावही कधी घेतलं नाही. त्यांच्या मनात राग होता की आणखी काही, ते आम्हाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

आणि मी काय केलं? काहीच नाही. मी घरातला एकुलता एक मुलगा, भावकीत उठायचं-बसायचं, तात्यांशी सामाईक विहीर. मी बाजारच्या दिवशी तालुक्याला जायचो तेव्हा ताईच्या गल्लीवरून जायचं टाळायचो. आप्पा गेले तेव्हा तात्यांनी सांगितलं, तिकडं कळवायचं न्हाय. मी फोनच्या बूथपाशी जाऊन उभा राहिलो. मास्तरांच्या शाळेचा नंबर मला पाठ होता. बूथवाल्यानं विचारलं, कुठं लावू? मी म्हटलं, राहू दे, नंतर येतो. बापाच्या मरणाची खबर सख्ख्या बहिणीला दिली नाही. ही एक लाज माझ्या पोटात होतीच, आणि ती घेऊनच मी घाटावर उभा होतो.

तेव्हा ते रॉकेट आलं.

मी पुढं होऊन ते उचललं. कोमट होतं. चौकडी माझ्याच हातची, एका कोपऱ्यात रंग ओघळलेला, तोही माझाच. मी शेपटावरनं अंगठा फिरवला. पंख नव्हते. म्हणजे मापातले लाकडी होते, एक्स-रेचे नव्हते. जिथं असायला हवे तिथं चिकटवल्याच्या रेघा होत्या आणि ब्लेडचे ताजे ओरखडे. ताईनं ते काढले होते. तिला पक्कं ठाऊक होतं की त्यांच्याशिवाय हे सरळ जात नाही. तरीही बापाच्या दहाव्याला, बापाला आवडतं तसं, मापातलं, बिनटेकूचं रॉकेट तिनं उडवलं होतं. तिनं उभ्या आयुष्यात बापाचं एवढं एकच ऐकलं, आणि नेमकं तेच आमच्या अंगावर आलं.

हे त्या घाटावर फक्त मला वाचता येत होतं. बाकीच्यांना त्यात दुष्टावा दिसला. पोरीनं बापाचा दहावा नासवला, सूड उगवला, कोष्ट्याच्या घरात जाऊन असलं शिकली, असं ज्याच्या तोंडाला येईल ते तो बोलत होता. मी एवढंच म्हणायला हवं होतं की तसं नाही, हे बघा, तिनं पंख काढलेत. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी रॉकेट मांडीवर घेऊन पायरीवर बसलो आणि मूग गिळले.

कावळे परत येईनात. लांब वडाच्या शेंड्यावर त्यांची कालवाकालव ऐकू येत होती, पण करंजाकडं एकही वळला नाही. मग रिवाजाप्रमाणं आप्पांना आश्वासनं देणं सुरू झालं. माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून ज्याला जे सुचेल ते मोठ्यानं कबूल करायचं. तात्या माझ्याकडं बोट करून म्हणाले, दादा, विहिरीचं पाणी संपतला आधी देतो, मग मी घेतो. कावळा नाही. आमचा एक चुलतभाऊ म्हणाला, मी दारू सोडतो. कुणीतरी म्हणालं, आधी तंबाखू सोड, मग दारूचं बघू. तो म्हणाला, बरं, तीही सोडतो. कावळा नाही. गोठ्यावर नवे पत्रे घालू, म्हसोबाचा पार बांधू, वैनीला कधी उणं पडू देणार न्हाय, असं एकेकाचं सांगून होत गेलं, आणि प्रत्येकाच्या बोलण्यानंतर सगळे झाडाकडं बघायचे.

हळूहळू बोलणारे संपले. जे उरलं होतं ते प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. ज्यानं बोलायचं तो मी होतो. भटजी माझ्याकडं बघायचे आणि पंच्यानं घाम पुसायचे. मला कावळे का येत नाहीत ते स्वच्छ ठाऊक होतं. कावळ्यांना आप्पांच्या इच्छेचं काही पडलेलं नव्हतं. ते भेदरले होते. तरी मला वाटत राहिलं की एखादा कावळा कसाही यावा, उगाच यावा, म्हणजे माझ्यावर पाळी येणार नाही. इतका मी भित्रा. करंजावरचं ऊन खाली सरकत पायऱ्यांवर आलं, माझ्या पायांवर आलं, डोक्यावर आलं. भादरलेलं डोकं तापायला लागलं.

शेवटी मी उठलो. तात्यांकडं बघितलं असतं तर बोलता आलं नसतं म्हणून नदीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "आप्पा, मी इंदूताईला घरी आणतो."

सगळ्यांच्या माना झाडाकडं वळल्या. माझीही वळली. मला ठाऊक असूनही वळली.

कावळा आला नाही.

आम्ही बराच वेळ थांबलो. मग तात्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं समाधान? तिचं नाव घिऊनबी शिवला न्हाय. म्हंजे दादाच्या मनात न्हवतं. आता हा इषय संपला, संपत. मेल्या माणसाच्या इच्छेबाहेर जाऊ नगंस."

मी बोललो नसतो तर निदान प्रश्न तसाच राहिला असता. बोललो, आणि उशिरा बोललो, आणि ताईच्या परतीची वाट मीच बुजवली. आता तिला आप्पांनी मेल्यावरसुद्धा नाकारलं, याला सगळी भावकी साक्षीदार झाली. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. लोक पायऱ्या चढून गेले. कुणी माझ्याशी बोललं नाही. मी रॉकेट काखेत मारलं आणि फरशी पुलावरून पलीकडं निघालो.

ताई गायरानात एका धोंड्यावर बसली होती. शेजारी रॉकेट उभं करायची लोखंडी सळई रोवलेली, मोटारसायकलची बॅटरी, वायर, आणि मांडीवर पदराखाली काहीतरी. तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. मला बघून ती उठली नाही. मी जवळ गेलो तसं तिनं माझ्या भादरलेल्या डोक्याकडं बघितलं.

"मला एका भाजीवाल्या बाईनं सांगितलं," ती म्हणाली. "आप्पा गेल्याचं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी मुद्दाम नाही रे केलं. मला वाटलं तुम्ही घाटावर असाल, तर इथनं सरळ वर जाईल, आप्पांना पोचेल. तुम्हाला त्रास नको म्हणून तर मी अलीकडं आले नाही."

"पंख काढलेस तू."

"एकदा त्यांच्या मनासारखं करावं म्हटलं." तिनं नाक पुसलं. "नाकात थोडं शिसं भरलं होतं. वाटलं पुरेल. नाही पुरलं. संपत, तुमचे कावळे उडून गेले ना?"

ताई विज्ञानाच्या मास्तरांची बायको. स्वतः दोरी फिरवून तोल काढणारी. कावळा, पिंड, असल्या गोष्टींची ती लहानपणापासून टिंगल करायची. पण त्या दिवशी तिनं माझ्या धोतराचा काठ धरला आणि विचारलं, "शिवला का रे शेवटी?"

मी खोटं बोललो. आधी ठरवलं नव्हतं.

"शिवला," मी म्हणालो. "सगळ्यांनी काय काय सांगितलं, येईना. मग मी म्हटलं, इंदूताईला घरी आणतो. तसा आला. थेट येऊन शिवला."

ताईनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून अशी रडली की मला तिच्याजवळ बसायचंही धाडस झालं नाही. मी रॉकेट हातात धरून उभा राहिलो. बापानं आपल्याला माफ केलं म्हणून ती रडतेय असं मला वाटत होतं, आणि ते खरं नव्हतं हे मला एकट्याला ठाऊक होतं.

आता घरी न्यायलाच हवी होती. पुलावरून परत येताना माझी पाचावर धारण बसली होती. घरात सगळी भावकी जेवणाला जमलेली, प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलेलं. कुणीही एक शब्द बोललं असतं की माझं खोटं उघडं पडलं असतं, आणि त्याहून वाईट, आप्पांनी तिला नाकारलं हे तिला भर अंगणात ऐकावं लागलं असतं.

अंगणात तात्या बाजेवर बसले होते. आमच्यात दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत, त्यामुळं आईला जे कळलं ते पुरुष परतल्यावरच. ती उंबऱ्यात बसली होती. ताई आत आली. तिनं आईच्या गुडघ्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "आई, माझं नाव घेतल्यावर कावळा शिवला म्हणे. संपतनं सांगितलं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. तात्यांनी तोंड उघडलं.

"शिवला की," आई म्हणाली. तिनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान वर करून तात्यांकडं बघितलं. "व्हय की न्हाय, भावजी? ह्यास्नी तिची वड हुतीच. तुमी च्या घेतला का?"

तात्या एकदा आईकडं, एकदा ताईकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय अजून." चहा आला. तो त्यांनी बशीत ओतून फुंकून फुंकून प्याला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. बाहेर गावात काय बोलायचं ते बोलत राहिले, पण आमच्या अंगणात कधीच नाही.

तेव्हापासून ताई दर श्राद्धाला येते. मास्तरही येतात. पोरं लहान होती तेव्हा ती त्यांना मांडीवर घेऊन सांगायची, तुमच्या आजोबांनी मला कसं बोलावलं ठाऊक आहे का, एक कावळा येईना, मग मामानं माझं नाव घेतलं. पोरांना ते पाठ झालं. आता नातवंडांना सांगते. मी त्या वेळी काहीतरी काम काढून परसात जातो. बापाच्या तोंडी नसलेला शब्द घातला, आणि तो ज्याला खोटा टेकूसुद्धा चालायचा नाही त्या बापाच्या. आणि आप्पांना ती खरंच नको असली तर? हा विचार मी कधी कुणापुढं बोललो नाही.

मोडकं रॉकेट मी दुरुस्त केलं. नळकांडं नवं गुंडाळलं, चौकडी पुन्हा रंगवली. आप्पांच्या शेवटच्या आजारातले छातीचे एक्स-रे कपाटावर पडून होते. ते टाकवत नव्हते आणि बघवतही नव्हते. एक दिवस मी सोड्याचं पाणी तापवलं आणि ते धुतले. आप्पांच्या बरगड्या पाण्यात विरून गेल्या. राहिलेल्या फिल्मचे मी ताईसारखे पंख कापले, चिकटवले आणि रॉकेट पडवीत उंच खुंटीला टांगून ठेवलं. ते पुन्हा उडवलं नाही.

गेल्या श्राद्धाला जेवणं झाल्यावर ताईनं ते धूळ झटकायला खाली काढलं. आई आता नाही, तात्याही नाहीत. आम्ही दोघंच पडवीत होतो. पुसता पुसता तिचा अंगठा शेपटापाशी थांबला.

"हे कुणी लावले?"

"मी. केव्हाच."

"आप्पांनी खरवडले असते."

"दिसत नाहीत ना."

"मला दिसतात," ताई म्हणाली. तिनं फुंकर मारून धूळ उडवली. "तुझा कावळाही दिसला नव्हता मला."

मला आधी कळलंच नाही.

"दुर्बीण होती की रे माझ्याकडं. रॉकेट कुठं पडतं ते बघायला आणलेली. पडलं ते बघितलं, आणि मग खाली ठेवलीच नाही. भटजींनी दर्भाचा कावळा केला तोपर्यंत बघत होते."

पदराखाली काहीतरी होतं ते मला आठवलं. "मग मला विचारलंस कशाला?"

"तू काय सांगतोस ते ऐकायचं होतं."

"आणि रडलीस ती?"

"तू खोटं बोललास म्हणून. त्या घरात माझ्यासाठी तोवर कुणी खोटंसुद्धा बोललं नव्हतं."

"मग पोरांना तसं का सांगत आलीस?"

"त्याच्यावाचून सरळ गेलं नसतं," ती म्हणाली. "आईनं ते पेललं, तात्यांनी गिळलं. मी कशाला खरवडू?"

मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. इतकी वर्षं ज्याची लाज वाहिली, ते तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं आणि तिनं ते जपलं होतं. मी म्हटलं, चहा टाकतो. उठलो.

ताई अजून रॉकेट पुसत होती. रागानं नाही, सहज आठवलं म्हणून बोलावं तसं ती म्हणाली, "सगळे एकेक करून उठले, झाडाकडं बघून बोलले. ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत होतं. तू मात्र माझं रॉकेट मांडीवर घेऊन खाली बघत बसला होतास. तुला पंख काढलेले कळले होते. अंगठा फिरवलास ना, तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. मी म्हणत होते, आता उठेल. आता उठेल. करंजावरचं ऊन तुझ्या डोक्यावर आलं तरी तू उठला नाहीस."

मी चहाचं भांडं हातात धरून उभा राहिलो.

"नंतर उठलास," ती म्हणाली. "माझ्याकडं तोंड करून उभा राहिलास. ते पण बघितलं मी."

तिनं रॉकेट माझ्यापुढं धरलं, वर टांगायला. मी ते घेतलं आणि मान खाली घातली. या वेळी ते बघायला तिला दुर्बीण लागली नाही.